वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे

प्रति,
हौशी नाट्यस्पर्धा भरवणारी मंडळं, त्यांचे कार्यवाह आणि परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी नट नाही, दिग्दर्शकही नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली चौतीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे नट अडकला की वाक्य हळूच देतो. आता प्रॉम्प्टर म्हटलं की तरुण पोरं हसतात. पाठांतर झालं नसेल तर प्रयोग पुढे ढकलावा, माणूस कशाला बसवायचा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. तरी तिसऱ्या घंटेच्या आधी कोणीतरी हळूच येऊन विचारतंच, "तात्या, बसताय ना?"

हे आधी सांगण्याचं कारण असं की या चौतीस वर्षांत आमच्या मंडळाचं प्रत्येक नाटक मी एकट्याने सबंध केलेलं आहे. सगळ्या भूमिकांसकट, ओठातल्या ओठात, टॉर्चच्या उजेडात. तालमीला कोणी आलं नाही की "तात्या, प्रॉक्सी वाचा". एसटीचा संप होता त्या आठवड्यात एकदा अख्खा दुसरा अंक मी एकट्याने म्हटला होता. समोर ऐकायला फक्त नेपथ्यवाला, तोही फळ्या ठोकत होता. नायिकेच्या वाक्याला त्याने हातोडा थांबवला, एवढं मला आठवतं. म्हणून आज जे लिहितो आहे ते पुस्तकात वाचून लिहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या एका बाईंनी राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला', दारूपायी सुधाकर-सिंधूचा संसार उद्ध्वस्त होतो ते नाटक, एकटीने करायचं ठरवलं. बाई पेशाने परिचारिका. पाळ्या बदलत्या, त्यामुळे दहा जणांच्या तालमीची वेळ कधी जमायची नाही, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी मला चहाच्या टपरीवर सांगितलं. रात्रपाळीला बायका येतात. कुणाची भुवई फुटलेली, कुणाचं मनगट सुजलेलं. काय झालं म्हणून विचारलं की मोरीत पाय घसरला, जिन्यावरून पडले. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो, तोंडाला वास येत असतो. "तात्या, सिंधू मरताना नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते ना, ते वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. फक्त भाषा गडकऱ्यांची नसते."

प्रवेशिका मीच आणून दिली. त्यात 'कलाकारांची नावे' असा तक्ता होता. बाईंनी डावीकडे सहा पात्रं लिहिली: सुधाकर, सिंधू, तळीराम, रामलाल, भगीरथ, गीता. उजवीकडे पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, आणि खाली पाच वेळा 'वरीलप्रमाणे'.

आठ दिवसांनी फोन आला. आयोजकांचं नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, कारण तो फोन तुमच्यापैकी कोणाचाही असू शकला असता. बोलणं अगदी गोड होतं. "ताई, एकपात्री आपल्याकडे वेगळं असतं. रविवारी सकाळी. वेळ दहा मिनिटं. त्यातलं एखादं भावनिक घ्या की." बाईंनी विचारलं, "आणि नाटक?" तर म्हणाले, "नाटकाला पात्रं लागतात हो. हा कार्यक्रम झाला."

या 'कार्यक्रम' शब्दावर माझं हे सगळं पत्र आहे.

आपल्याकडे एकपात्री म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, ते मला माहीत आहे. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' १९६१ पासूनची. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला', ज्यात एका माणसाने बावन्न पात्रं उभी केली आणि त्यासाठी त्याला कपडेपटाची पेटी लागली नाही, उपरण्यावर भागलं. सुषमा देशपांड्यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' १९८९ पासून गावोगाव गेलं. ही सगळी मोठी कामं आहेत आणि मी त्यांच्यासमोर मान झुकवतो. पण ही एकाने करण्यासाठीच बेतलेली आहेत. दहा-बारा जणांसाठी लिहिलेलं, शंभर वर्षं दहा-बारा जणांनी केलेलं, प्रेक्षकांच्या कानात बसलेलं जुनं नाटक एका नटाने उचलायचं, ही वेगळीच गोष्ट आहे. तिला तुमच्या नियमावलीत रकाना नाही, म्हणून तुम्ही तिला शेजारच्या रकान्यात ढकलता. रविवारी सकाळी, दहा मिनिटं, पोरांच्या वेशभूषा स्पर्धेनंतर.

आपल्याला हे नवं असायचं तसं काही कारण नाही. नाट्यशास्त्रात दहा रूपकं सांगितली आहेत, त्यांत भाण नावाचं एक आहे. एकच नट. तो रस्त्याने चाललेला असतो, समोर कोणी नसतं, आणि तो हवेकडे बघून विचारतो, "काय म्हणतोस?" मग न ऐकू आलेलं उत्तर स्वतःच सांगतो आणि त्यावर बोलतो. याला आकाशभाषित म्हणतात. 'चतुर्भाणी' नावाने असे चार जुने भाण आजही उपलब्ध आहेत. केरळच्या कुडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात निर्वहण असतं. त्यात रंगमंचावर आलेलं पात्र आपली मागची सगळी कथा एकट्याने, त्यातल्या इतरांच्या भूमिका घेत, रात्रीमागून रात्री उलगडत राहतं. आणि लांब कशाला जा? देवळातला कीर्तनकार उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावतो तेव्हा तो काय करतो? रावण तोच, मंदोदरी तोच, हनुमानही तोच. टाळ-मृदंगवाल्यांपैकी कोणी उठून विचारत नाही की बुवा, पात्रयादी कुठे आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हासुद्धा सगळी कथा पदांमधून गाऊन पुढे नेणारा सूत्रधार एकच होता. त्या घटनेची आठवण म्हणून आपण दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, नटराजाला हार घालतो आणि मग एकट्याने नाटक करणाऱ्या बाईला फोन करून दहा मिनिटं देतो.

असो. बाईंनी दहा मिनिटं घेतली नाहीत. प्रयोग आम्ही वाचनालयाच्या हॉलमध्ये लावला. सत्तर खुर्च्या, दोन स्पॉट, दारात देणगीचा डबा. एक तास चाळीस मिनिटं. हा प्रयोग कसा झाला हे जरा सविस्तर सांगतो, कारण परीक्षकांना त्याचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे.

तालमीचे पहिले तीन आठवडे वाया गेले. बाई आवाज बदलत होत्या. सुधाकर जाड, सिंधू बारीक, तळीराम घोगरा. मी स्टुलावरून ऐकत होतो आणि मला आकाशवाणीवरची जुनी श्रुतिका आठवत होती, तीही एकाच माणसाने खर्च वाचवायला केलेली. एके रात्री त्या स्वतःच म्हणाल्या, हे नकलाकाराचं काम झालं, बंद करू. दुसऱ्या दिवसापासून आवाज एकच. बदलले ते हात. सिंधूचे हात कधी रिकामे नाहीत: काहीतरी निवडतेय, घडी घालतेय, पदराचं टोक पिळतेय. सुधाकरच्या हातांना काही कामच नाही. सनद गेलेला वकील तो, त्याचे हात मांड्यांवर नुसते पडलेले. तळीराम समोरच्याच्या फार जवळ उभा राहतो, इतका की समोर कोणी नसतानाही आपल्यालाच मागे सरकावंसं वाटतं. पाचेक मिनिटांत प्रेक्षकांना ही लिपी वाचता यायला लागली. हात हलायला लागले की सिंधू बोलणार हे वाक्याच्या आधी कळायचं.

गडकऱ्यांची भाषा पल्लेदार, कोटीबाज, अनुप्रासांनी ठासलेली. मला वाटलं होतं तीच आड येईल. झालं उलट. लांब भाषण एकटा नट पेलू शकतो, त्याला त्यात चढायला-उतरायला जागा मिळते. नाकी नऊ आणले ते छोट्या छोट्या जबाब-सवालांनी. तुझं एक, माझं एक, असं पाच-सहा वेळा झालं की मान डावीकडे-उजवीकडे फिरवणारी बाहुली दिसायला लागते. तिथे बाईंनी भाणाची युक्ती वापरली, नाव माहीत नसताना. एकाचीच बाजू बोलायची, दुसऱ्याची ऐकायची. आणि हे ऐकणं मी विंगेतून पाहिलं ते सांगतो: एकट्याच्या नाटकात बोलणं दुय्यम. समोर नसलेल्या माणसाचं ऐकताना नटाचा चेहरा खरा राहतो का, तिथे सगळं ठरतं. बऱ्याच जणांचा राहत नाही. ते पुढच्या वाक्याची वाट बघत असतात.

दारुड्यांच्या आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशाला आम्हाला भीती होती, कारण तिथे गर्दी लागते. बाईंनी स्टीलचे सात पेले ओळीने ठेवले आणि एकेका पेल्याशी बोलत गेल्या. हशा पुष्कळ आला. मग त्याच ओळीतला एक पेला त्यांनी उचलला आणि तो सुधाकरचा होता. हॉल एकदम गप्प झाला. ही कल्पना माझी नाही, दुर्दैवाने.

आणि सुधाकरचा तो तडाखा. संहितेत काठी आहे. बाईंनी काठी घेतली नाही. सुधाकर म्हणून हात वर उचलला, तो हात खाली आला तेव्हा पडलेली सिंधू होती. उठलेला हात आणि खाली कोसळलेलं अंग एकाच माणसाचं. मी हे नाटक आठ-नऊ वेळा प्रॉम्प्ट केलं आहे, दोन वेगळ्या नटांचं भांडण म्हणून पाहिलं आहे, दरवेळी सुधाकरचा राग आला आहे. या वेळी राग कोणावर काढावा हे कळेना. त्यानंतरचं खोटं बाईंनी समोर बघून, अजिबात रडू न आणता सांगितलं, केसपेपरवर लिहून घेण्यासाठी सांगतात तसं. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. कोण, कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

आता तक्रारी. त्या आल्याच, आणि सगळ्या चुकीच्या नव्हत्या. एक आजोबा मध्यंतरातच निघून गेले. जाताना मला म्हणाले, "गाणं नसेल तर एकच प्याला कसला?" त्यांच्याशी मी वाद घातला नाही. हे संगीत नाटक आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, त्यांच्यामागे गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक उभं केलं आणि बालगंधर्वांची सिंधू पदांसह लोकांच्या घरात गेली. बाईंना गाता येत नाही. 'घास घे रे तान्ह्या बाळा' त्यांनी नुसतं गुणगुणल्यासारखं म्हटलं, बाकी पदं गाळली. माझ्या मते हे नुकसान आहे आणि ते त्यांना मान्य करावं लागेल. शिवाय शरदचं, म्हणजे सुधाकरच्या विधवा बहिणीचं, उपकथानक त्यांनी कापलं, त्यावरून आमचं चांगलं भांडण झालं. विधवेची ती गोष्ट काढली की रामलाल नुसता उपदेशक उरतो, असं माझं अजूनही मत आहे. परीक्षक म्हणून तुम्ही या दोन्ही गोष्टींचे गुण कापा. जरूर कापा. पण ते कापायला तुम्हाला आधी प्रयोग बघावा लागेल.

बालगंधर्वांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. ज्या प्रेक्षकाने शंभर वर्षांपूर्वी पुरुषाला सिंधू म्हणून डोक्यावर घेतलं, ज्याला नऊवारीतला पुरुष बघताना खटकलं नाही, त्याच्या पणतवंडांना एका बाईचा सुधाकर चालणार नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलं? प्रेक्षक संकेत मानायला नेहमीच तयार असतो. आयोजकांना त्याच्या वतीने फार काळजी असते.

बाहेर काय चाललं आहे तेही थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये २०२३ साली अँड्र्यू स्कॉट या नटाने चेखॉव्हचं 'अंकल व्हान्या' एकट्याने केलं, आठ पात्रं. मुंबईला लेकाकडे गेलो असताना मी त्याचं चित्रण पडद्यावर पाहिलं. इंग्रजी मला निम्मं कळलं असेल. कोण बोलतंय हे मात्र एकदाही चुकलं नाही. त्याच्या आधी २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या नॅशनल थिएटरसाठी अॅलन कमिंगने 'मॅकबेथ' जवळजवळ एकट्याने केलं, मनोरुग्णालयातला एक रुग्ण ते सगळं जगतोय अशा मांडणीत. तैवानच्या वू शिंग-कुओने २००१ मध्ये 'किंग लिअर' चिनी ऑपेराच्या शैलीत एकट्याने उभं केलं. त्यात तो मध्येच वेश आणि रंगभूषा प्रेक्षकांसमोर उतरवतो. ही नावं आपल्यावर छाप पाडायला लिहीत नाही. मुद्दा एकच आहे. २०२४ च्या ऑलिव्हिए पुरस्कारांमध्ये, म्हणजे लंडनच्या नाट्यपुरस्कारांमध्ये, त्या एकट्याच्या 'व्हान्या'ला जुन्या नाटकाच्या सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे तिथल्या परीक्षकांनी त्याला बाजूच्या रकान्यात बसवलं नाही. अनेक नटांच्या नाटकांशेजारी ठेवून, नाटक म्हणून मोजलं.

तुमची खरी भीती मला ठाऊक आहे, आणि ती एका कार्यवाहांनी मला खाजगीत बोलूनही दाखवली. एकदा दार उघडलं की सगळेच एकेकटे येतील. खर्च कमी, दौऱ्याला एक जीप पुरे, तालमीची कटकट नाही. मग हौशी मंडळांचं काय? पंधरा माणसं चार महिने रोज रात्री एकत्र येतात, त्यात एक शिंपी असतो, एक मास्तर, एक बँकेतला, हीच तर या स्पर्धांची कमाई. हे मला शंभर टक्के पटतं. माझं अर्धं आयुष्य त्या पंधरा माणसांच्या चहाचा हिशेब ठेवण्यात गेलं आहे. पण ज्याला खर्च वाचवायचाय तो जुनं पाच अंकी नाटक एकट्याने करायला घेणार नाही. तो दोन पात्रांची हलकीफुलकी संहिता शोधेल. बाईंना या प्रयोगासाठी पाच महिने लागले. एकट्याच्या तालमीत दुसऱ्याच्या चुकीवर हसून दम घ्यायलाही मिळत नाही. मला नाही वाटत की रांग लागेल. दर वर्षी राज्यभरात दोन-तीन जण आले तरी खूप.

शिवाय ही नाटकं आता मोकळी आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं संपली की संहितेवर स्वामित्वहक्क उरत नाही. देवल, गडकरी, खाडिलकर यांना हात लावायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. कापलेल्या, बेतलेल्या संहितेला सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं की झालं. आमच्या बाईंनी ते घेतलं होतं. आणि प्रामाणिकपणे सांगा, 'एकच प्याला' पूर्ण पात्रांसह, पेटी-तबल्यासह, करण्याचं बळ तालुक्याच्या गावातल्या किती मंडळांत उरलं आहे? आमच्याकडे शेवटचा सबंध प्रयोग झाला त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यातला सुधाकर आता पुण्यात असतो आणि तळीराम वारला. नाटक कपाटात आहे. एकट्या बाईने ते बाहेर काढलं तर दहावीतल्या ज्या पोरांनी ते त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं, त्यांच्यासाठी तेच 'एकच प्याला'.

म्हणून मागणं फार मोठं नाही. एका नटाने केलेलं पूर्ण नाटक नाटकाच्या स्पर्धेत घ्या, नाटकाची वेळ द्या. पात्रसंख्येची अट असेल तर ती रंगमंचावरच्या पात्रांची धरा, मस्टरवरच्या माणसांची नको. जमलं तर हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहाऐवजी एखादा लहान हॉल द्या. बाराव्या रांगेतून नटाची नजर दिसत नाही आणि या खेळात ती दिसायलाच हवी. परीक्षकांनी येण्याआधी मूळ संहिता वाचावी, म्हणजे काय गाळलं आणि का, ते कळेल. आणि किती आवाज काढले ते मोजू नये. कृपा करून ते मोजू नये. गुणपत्रिकेत 'आवाजातील विविधता' असा रकाना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या रकान्याने चांगल्या पोरांचे गळे बिघडवले आहेत.

शेवटी विंगेतली एक गोष्ट. त्या प्रयोगात, चौथ्या अंकात, बाई अडकल्या. चौतीस वर्षांत शेकडो वेळा मी वाक्य दिलं आहे, पण या वेळी टॉर्च हातात धरून मी थिजलो. वाक्य समोर होतं. पण त्या क्षणी त्या कोण होत्या? हात पाहावे तर स्थिर. म्हणजे सुधाकर. पण सुधाकरचं वाक्य तर होऊन गेलं होतं, पुढचं सिंधूचं होतं. त्या विसरल्या होत्या की सुधाकर सिंधूच्या उत्तराची वाट बघत होता? मी वाक्य दिलं नाही. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं हलली, पदराचं टोक सापडलं, आणि सिंधू बोलली. प्रयोगानंतर विचारलं, विसरला होता का? हसल्या फक्त.

या वर्षीची प्रवेशिका कालच भरून पाठवली आहे. तक्ता तोच आहे, सहा पात्रं, एक नाव, पाच वरीलप्रमाणे. मोकळ्या राहिलेल्या सातव्या ओळीत बाईंनी मला न विचारता 'प्रॉम्प्टर' लिहून माझं नाव घातलं आहे. फोन कराल तेव्हा संध्याकाळी सातनंतर करावा, त्यांची सध्या दिवसपाळी आहे.

आपला,
विंगेतला